संगणक चालू, डिस्क बाहेर : शाळेच्या नोंदींची दुसरी प्रत



संगणक बंद न करता त्यातली डिस्क काढणे आणि तिच्या जागी दुसरी बसवणे, याला 'हॉट स्वॅप' म्हणतात. 'हॉट' म्हणजे येथे गरम नव्हे, तर वीजप्रवाह चालू असलेला. मोठ्या डेटा सेंटरमध्ये ही रोजची गोष्ट आहे. हैदराबाद आता अशा केंद्रांचे शहर झाले आहे. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या क्लाउड सेवेचा स्वतंत्र विभाग येथे सुरू केला. अशा ठिकाणी डिस्क बिघडली म्हणून सर्व्हर बंद ठेवत नाहीत. बिघडलेली डिस्क ओढून काढतात, नवी सरकवतात आणि काम पुढे चालू राहते.

हीच सोय आपल्या टेबलावरच्या साध्या डेस्कटॉप संगणकातही करता येते. त्यासाठी फार खर्च लागत नाही, पण थोडी माहिती आणि शिस्त लागते. ती कशी करायची आणि मुख्य म्हणजे कशासाठी करायची, हे या पाठात पाहू. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना सगळा पाठ समजेल. लहान वर्गांतील मुलांनी पालकांबरोबर वाचावा. विश्वस्त मंडळींनी शेवटचे दोन भाग अवश्य पाहावेत.

१. आधी हे कशासाठी?

कोणत्याही जुन्या शाळेची खरी ठेव म्हणजे तिची प्रवेश नोंदवही. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव, शाळा सोडल्याची तारीख या साध्या गोष्टी तिच्यात असतात. पण पन्नास वर्षांनी जन्मतारखेचा पुरावा लागला की माणूस शाळेचीच पायरी चढतो.

हैदराबादच्या मराठी शाळांच्या बाबतीत या नोंदींना आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादकडची कितीतरी मुले शिकायला याच शहरात येत. त्यांची नातवंडे आज महाराष्ट्रात आहेत, पण आजोबांच्या शिक्षणाचा कागद येथे आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा हैदराबादमधील जुन्या कागदपत्रांना किती महत्त्व आले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. त्या विषयाच्या वादात आपल्याला शिरायचे नाही. जुनी नोंद कोणाला, केव्हा आणि कशासाठी लागेल हे आधी सांगता येत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे.

आता अनेक शाळा अशा नोंदवह्यांची पाने स्कॅन करून संगणकात ठेवतात. हे चांगलेच आहे. पण सगळी पाने एकाच संगणकातल्या एकाच डिस्कवर असतील, तर धोका गेलेला नाही. तो फक्त कपाटातून संगणकात आला आहे.

आपल्या शहराला पाण्याचा अनुभव आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात सुमारे १५ हजार माणसे दगावली असे सांगतात. त्यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले आणि पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले. तरीही ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहरातल्या कितीतरी वसाहती पाण्याखाली गेल्या. गवळीगुडा, जामबाग, कोठी, काचीगुडा हे मराठी माणसांचे जुने भाग मुसीपासून दूर नाहीत. तळमजल्यावरच्या कार्यालयात पाणी शिरले, तर संगणक आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली प्रत दोन्ही एकदम भिजतात.

दुसरा धोका न दिसणारा आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. तो फाइली कुलूपबंद करून पैसे मागत असे. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. असा प्रोग्रॅम संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्कवरच्या फाइली बिघडवू शकतो. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिला मात्र तो हात लावू शकत नाही.

म्हणून या पाठाचे सूत्र असे : प्रत संगणकाबाहेर गेली, तरच ती प्रत. हॉट स्वॅपमुळे ती नियमाने बाहेर नेणे सोपे होते. काम थांबवावे लागत नाही, स्क्रू काढावे लागत नाहीत, म्हणून कंटाळा येत नाही आणि कंटाळा आला नाही की नेम टिकतो. नाहीतर बैल गेला आणि झोपा केला, अशी गत व्हायची.

२. एसएसडी म्हणजे काय?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून एक सूक्ष्म वाचक-दांडी फिरते. अशी डिस्क फिरत असताना हलवली किंवा आपटली तर तबकडीला ओरखडा पडू शकतो. म्हणून ती काढताना तबकडी पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी लागते.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. फ्लॅश स्मृतीच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. त्या प्रत्येकात विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. भार किती आहे, यावरून तेथे कोणती माहिती आहे हे ठरते. वीज बंद झाली तरी भार कोंडलेला राहतो, म्हणून माहितीही राहते. १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावॉन कांग आणि सायमन झी यांनी अशा कप्प्याची मूळ कल्पना मांडली. पुढे जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृती तयार केली. ती क्षणात एकदम पुसता येते, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव रूढ झाले. अशा चिप आणि एसएसडी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने २०१९ मध्ये आपले विकास केंद्र हैदराबादेत सुरू केले. तेव्हा मुलांनो, हा विषय तुमच्या भावी नोकरीचाही असू शकतो.

वारंवार हाताळण्यासाठी एसएसडी सोयीची ठरते. ती हलकी असते, हाताच्या धक्क्याने सहसा बिघडत नाही आणि वेगवान असते. सॅटा जोडणीची चांगली एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट माहिती वाचू शकते.

३. चालू विजेत डिस्क लावली तर जळत कशी नाही?

घरातल्या इस्त्रीचा किंवा फ्रिजचा तीन पिनांचा प्लग पाहा. वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची पिन. प्लग आत जाताना ती आधी टेकते आणि बाहेर येताना शेवटी सुटते. म्हणजे धोक्याच्या क्षणी सुरक्षिततेची वाट नेहमी जोडलेली असते.

सॅटा जोडणीत हीच युक्ती वापरली आहे. २००३ मध्ये आलेल्या या पद्धतीत माहितीसाठी ७ संपर्कांची आणि विजेसाठी १५ संपर्कांची पट्टी असते. हे सर्व संपर्क सारख्या लांबीचे नसतात. डिस्क आत सरकताना आधी ग्राउंडचे लांब संपर्क टेकतात. मग प्रत्येक व्होल्टेजचा एकेक संपर्क टेकतो आणि त्यातून डिस्क हळूहळू भारित होते. त्यानंतर उरलेले संपर्क जुळतात. त्यामुळे विजेचा एकदम झटका बसत नाही. पेन ड्राइव्हच्या तोंडातही हे दिसते. चार सोनेरी पट्ट्यांपैकी कडेच्या दोन विजेच्या असतात आणि मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या थोड्या लांब असतात. भिंग घेऊन पाहा.

त्याआधीच्या चपट्या, रुंद केबलच्या आयडीई पद्धतीत ही सोय नव्हती. त्या डिस्कना चालू संगणकात हात लावणे म्हणजे संकटाला बोलावणे होते. म्हणून जुन्या संगणकाचे धडे गिरवलेल्या मंडळींना हॉट स्वॅपची भीती वाटते आणि ती अकारण नाही.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. मदरबोर्डवरच्या एम-२ खाचेत बसणारी छोटी, पट्टीसारखी एसएसडी या कामाची नाही. ती वेगवान असली तरी ती खाच चालू संगणकात काढघाल करण्यासाठी बनवलेली नसते. हा पाठ अडीच इंची सॅटा एसएसडीसाठी आहे.

४. साहित्य

- अडीच इंची सॅटा एसएसडी, एकाच क्षमतेच्या तीन. कार्यालयीन नोंदींसाठी प्रत्येकी ५०० गिगाबाइट बहुधा पुरते.
- मोबाइल रॅक. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पूर्वी सीडी ड्राइव्ह बसे त्या सव्वापाच इंची जागेत बसणारी ही पेटी असते. मिसळणाच्या डब्यातली वाटी जशी वेगळी निघते, तशी यातली डिस्क वेगळी निघते.
- सॅटा माहिती केबल. रॅकमध्ये जितके कप्पे वापरायचे तितक्या.
- एसएमपीएसमधून येणारी सॅटा वीज केबल.
- डिस्कवर चिकटवायची लेबले आणि ने-आण करण्यासाठी कडक, आतून मऊ अस्तराची डबी.

पुष्कळ नव्या कॅबिनेटमध्ये सीडी ड्राइव्हची जागाच नसते. तेथे यूएसबीवर चालणारा बाहेरचा डॉक घ्यावा. काम तेच होते. डॉक यूएसबी ३ चा असावा.

हैदराबादेत अशा वस्तूंसाठी सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'सीटीसी', प्रसिद्ध आहे. जाताना मदरबोर्डचे मॉडेल लिहून न्यावे. वीज केबल जुन्या चार पिनांच्या जोडावरून सॅटा करणारी, साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची आणि अगदी स्वस्त असेल तर घेऊ नये. अशा जोडात आत तारा एकमेकींना टेकून आग लागण्याचा धोका असतो. एसएसडीवरचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावा आणि पावती शाळेच्या नावे घ्यावी.

५. जुळवणी

रॅक बसवण्याचे काम मात्र संगणक पूर्ण बंद करूनच करायचे. 'हॉट' हा शब्द फक्त नंतरच्या अदलाबदलीला लागू आहे.

(१) संगणक बंद करा आणि भिंतीतला प्लग काढा. (२) कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत हे विसरू नये. (३) रॅक पुढून सरकवा आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू लावा. (४) माहिती केबल रॅकमधून मदरबोर्डच्या मोकळ्या सॅटा पोर्टला जोडा. काही मदरबोर्डवर एम-२ खाच वापरली की एखादे सॅटा पोर्ट बंद होते. कोणते, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. (५) पोर्टचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. तो पुढे लागेल. (६) वीज केबल जोडा, केबल पंख्यात अडकत नाहीत हे पाहा आणि कॅबिनेट बंद करा.

आता संगणक सुरू करून बायोसमध्ये जा. त्यासाठी सुरुवातीलाच 'डिलीट' किंवा 'एफ-२' कळ दाबावी लागते. येथे दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, सॅटा पोर्ट 'एएचसीआय' पद्धतीवर आहेत का. जुन्या 'आयडीई' पद्धतीत हॉट स्वॅप चालत नाही. दुसरी, लिहून ठेवलेल्या क्रमांकाच्या पोर्टसमोर 'हॉट प्लग' हा पर्याय असतो. तो बहुधा बंद असतो, तो चालू करा. ज्या पोर्टवर विंडोजची मुख्य डिस्क आहे, त्याला हात लावू नका.

सावधान : जुना संगणक 'आयडीई' पद्धतीवर असेल आणि त्यात विंडोज आधीच बसवलेले असेल, तर थेट 'एएचसीआय' केल्यावर विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते. आधी विंडोजची तयारी करावी लागते. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

६. विंडोजमध्ये डिस्कची तयारी

विंडोज सुरू झाल्यावर पहिली एसएसडी रॅकमध्ये सरकवा. दार किंवा खटका पूर्ण लागला पाहिजे. काही सेकंदांत रॅकचा दिवा लागतो. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. नवी डिस्क तेथे कोरी दिसेल. ती 'जीपीटी' पद्धतीने सुरू करा, 'एनटीएफएस' स्वरूप द्या आणि नाव द्या : प्रत-अ. दुसरी प्रत-ब, तिसरी प्रत-क. तेच नाव डिस्कवर लेबल लावून लिहा. पडद्यावरचे नाव आणि लेबलवरचे नाव सारखेच हवे. स्वरूप देताना चुकीची डिस्क निवडली तर तिच्यावरचे सर्व पुसले जाते. म्हणून आधी क्षमतेचा आकडा मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकवा आणि मगच कळ दाबा.

डिस्क दिसलीच नाही तर घाबरू नका. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'रीस्कॅन डिस्क्स' करून पाहा. तरीही न दिसल्यास बायोसमधला पर्याय आणि केबल तपासा.

७. डिस्क काढण्याची रीत

सगळ्या पाठातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. डिस्क ओढून काढली तर जळत नाही, हे आपण पाहिले. पण तिच्यावरची माहिती अर्धवट राहू शकते.

दुकानातला कारकून दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत टिपतो आणि नंतर खतावणीत चढवतो. तो एक ओळ चढवत असतानाच कोणी खतावणी ओढून नेली तर? रक्कम लिहिली, नाव राहिले! संगणकही असेच करतो. 'सेव्ह' झाले असे आपल्याला दिसते, तेव्हा काही मजकूर अजून संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असू शकतो. एसएसडीच्या आतही अशीच तात्पुरती जागा असते. म्हणून संगणकाला आधी सांगावे लागते की, बाबा, हिशेब पुरा कर, वही न्यायची आहे.

रीत अशी : (१) त्या डिस्कवरच्या सर्व फाइली आणि खिडक्या बंद करा. (२) पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' या चिन्हावर जाऊन त्या डिस्कचे नाव निवडा. (३) डिस्क काढण्यास हरकत नाही, असा संदेश येईपर्यंत थांबा. (४) रॅकचा दिवा लुकलुकत नाही, याची खात्री करा. (५) खटका उघडा आणि डिस्क सरळ रेषेत ओढा.

डिस्क वापरात आहे असा संदेश आला, तर ओढू नका. कोणती फाइल उघडी आहे ते शोधा. सापडत नसेल तर संगणक नेहमीप्रमाणे बंद करा आणि मग काढा. पाच मिनिटे गेली तरी चालतील, नोंदी जाता कामा नयेत.

८. वेळापत्रक

तीन डिस्क असल्या की क्रम असा ठेवता येतो. सोमवारी प्रत-अ रॅकमध्ये. रोज शाळा सुटताना दिवसाच्या नोंदींची प्रत तिच्यावर. शनिवारी ती बाहेर निघते आणि शाळेपासून दूर, उंचावरच्या ठरलेल्या जागी जाते. तेथून प्रत-ब येते. पुढच्या शनिवारी उलट. प्रत-क महिन्याच्या शेवटी एकदा भरायची आणि बँकेच्या लॉकरसारख्या तिसऱ्या जागी ठेवायची. अ आणि ब दोन्ही एकाच वेळी शाळेत राहू नयेत. नवी आली की जुनी निघालीच पाहिजे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी 'तीन-दोन-एक' हा नियम रूढ केला : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. यातला 'दोन प्रकार' हा शब्द महत्त्वाचा आहे. एसएसडी वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. कोंडलेला विद्युतभार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत तो अधिक लवकर झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने तिचे लेखनाचे आयुष्य संपल्यावरही, विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी डिस्क याहून जास्त टिकते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि बंद खोलीतले लोखंडी कपाट तर भट्टीच होते. म्हणून डिस्क थंड जागी ठेवावी, दर महिन्याला जोडावी आणि वर्षातून एकदा सर्व नोंदी एका साध्या हार्ड डिस्कवरही घ्याव्यात. मूळ हस्तलिखित नोंदवही तर जपायचीच. स्कॅन झाले म्हणून वही रद्दीत देणे हा अपराध समजावा.

आणखी एक गैरसमज. दोन डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती लिहिण्याची 'रेड' नावाची सोय असते. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते. सोय उत्तम आहे, पण ती प्रत नव्हे. तुम्ही चुकून एक फाइल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते.

९. मराठी फाइलींची खास काळजी

आपल्या शाळांच्या संगणकांत १९९०-२००० च्या काळातले वार्षिक अहवाल, प्रश्नपत्रिका आणि स्मरणिका असतात. त्यांतल्या पुष्कळ 'श्री-लिपी', 'आकृती' किंवा सी-डॅकच्या 'आयएसएम'मध्ये टंकलेल्या असतात. त्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. योग्य फॉन्ट नसेल तर 'वार्षिक स्नेहसंमेलन' या शब्दांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. डिस्क शाबूत, फाइल शाबूत, पण वाचता येत नाही!

म्हणून प्रत घेताना तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात : मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि तिचे पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार जसाच्या तसा राहतो. वेळ मिळेल तसे महत्त्वाचे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत आणि नावे नजरेखालून घालावीत. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार चुकतात. 'देशमुख' नीट राहील, पण 'कुलकर्णी' आणि 'कृष्णाजी'चे काय झाले ते पाहावे लागते.

१०. पालक आणि विश्वस्तांसाठी

जी डिस्क शाळेबाहेर जाते, तिच्यावर आपल्या मुलांची नावे, पत्ते, जन्मतारखा असतात. पालकांनी याबद्दल विचारणे योग्यच आहे. देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला असून त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक डिस्क परवलीच्या शब्दाने कुलूपबंद असावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी 'बिटलॉकर'ची सोय आहे. डिस्क वाटेत हरवली तरी दुसऱ्याला ती वाचता येत नाही. मात्र परवलीचा शब्द हरवला तर आपल्यालाही वाचता येत नाही. तो आणि त्याची सुटका-किल्ली छापून दोन मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवावी : एक मुख्याध्यापकांकडे, एक विश्वस्त मंडळाच्या चिटणीसांकडे.

विश्वस्तांनी चार गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. डिस्क कोणी काढायची आणि ते रजेवर असतील तर कोणी? ती कोठे ठेवायची? ने-आण कोणत्या वहीत नोंदवायची? आणि प्रत वाचता येते, याची परीक्षा केव्हा घ्यायची? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दर सत्रात एकदा, कोणत्याही एका जुन्या वर्षातले एक नाव चिठ्ठी टाकून निवडावे. बाहेरची डिस्क मागवावी, दुसऱ्याच संगणकाला जोडावी आणि त्या नावाची नोंद उघडून दाखवावी. उघडली तर व्यवस्था चालू आहे. उघडली नाही तर दोष त्या दिवशीच कळेल, पुरानंतर नव्हे.

साधन विकत घेणे सोपे असते. शनिवारी डिस्क बाहेर काढणे ही सवय आहे आणि ती माणसाला लावून घ्यावी लागते. आपल्या आधीच्या पिढ्यांनी टाकाने आणि दौतीने नोंदी लिहिल्या, मुसीच्या काठी राहून त्या जपल्या. त्या आपल्या हातून पुढच्या हातात जाव्यात, यासाठी आठवड्यातली ही पाच मिनिटे आहेत.

स्वाध्याय

१. सेकंदाला ४०० मेगाबाइट वेगाने २४० गिगाबाइट माहिती उतरवायला किती मिनिटे लागतील? हेच काम सेकंदाला ३५ मेगाबाइट वेगाच्या जुन्या यूएसबी २ जोडणीने केले तर? (१ गिगाबाइट = १,००० मेगाबाइट धरा.)

२. नोंदवहीच्या एका स्कॅन केलेल्या पानाला २ मेगाबाइट जागा लागते. प्रत्येकी २०० पानांच्या २५ वह्यांसाठी किती गिगाबाइट लागतील?

३. तीन पिनांचा प्लग, पेन ड्राइव्ह आणि सॅटा जोडणी यांच्यात कोणते एक साम्य आहे? आकृती काढून सांगा.

४. 'रेड असल्यावर वेगळ्या प्रतीची गरज नाही.' हे विधान चूक का आहे, ते पाच ओळींत लिहा.

५. घरी आजी-आजोबांना विचारा : त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला कोठे आहे? त्याची प्रत आहे का? ती दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे का?

उत्तरे : १) १० मिनिटे, सुमारे १ तास ५४ मिनिटे. २) १० गिगाबाइट. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा. पाचव्याचे उत्तर घरीच शोधायचे आहे.